करीच्या दिवशी गाडी कोन चालवत होतं

इंझोरी
२ ऑगस्ट २०२५

उकंडा,

मोठ्या बहिनीचा आशीर्वाद असतेच, तो धरून चाल. पन आज आशीर्वाद द्यायसाठी कागद घेतला नाई. तीन डाव फोन लावला. तिन्ही डाव तू "हॅलो, हॅलो, बाई, आवाज येत नाई" करून ठेवून देल्ला. माहा आवाज पांदनीपलीकडच्या वावरात आयकू जाते अन् तुले कानाशी धरलेल्या फोनात येत नाई! म्हनून लिहून राह्यली. कागदाले तरी तसं म्हनता येत नाई.

प्रज्वल परवा तुह्याकडून आला. मी सहज इचारलं, बापा, मामाचं भाजी-माळवं बाजारात हर्रासाले कोन नेते आता? पोट्टा खाली पाहाले लागला. मंग हळूच निघालं तोंडातून, का गणेशदादा नेते. श्रावण लागल्याबरोबर तू पिकअपची चाबी त्याच्या हाती देल्ली म्हने.

लाज वाटते का नाई तुले? दोन वर्षांमांगं तुह्या पोरानं पिऊन गाडी वाशीम रोडवर पुलाच्या कठड्यावर घातली. वांगे सारे नाल्यात अन् चिरंजीव स्टेअरिंगवर घोरत पडलेले. दहा हजार दंड झाला, तू भरला, अन् गावात सांगतलं का टायर फुटला. यंदा एप्रिलमधी पोलिसायनं त्याले नळीत फुंकाले लावलं. पंधरा हजार दंड, लायसन सहा महिने बंद. जजसाहेबानं भर कोर्टात सांगतलं का दुसऱ्या खेपेले दोन वर्षांपर्यंत कैद हाये कायद्यात, यावेळी दंडावर सोडतो, पुन्हा दिसला तर सोडनार नाई. मी सोता तथी बाकड्यावर बसली होती. तू हात जोडून म्हनला होता, "साहेब, माही जबाबदारी." त्या जबाबदारीले चार महिने पन झाले नाई अजून.

थोडीशी घेतली तर काय बिघडते, हे मले नको शिकवू. माहे मालक, शेषराव, होते तवा अठरा वर्षं मी दारूची वकारी पुसली. सतरंज्या धुतल्या, गोधड्या धुतल्या, सोड्यानं हात सोलून निघाले तरी घरातला वास जात नसे. अंगणवाडीत दुसऱ्याच्या लेकरायले स्वच्छता शिकवायची अन् घरी येऊन हे निस्तरायचं. त्या वासाची मले तुह्यापेक्षा जास्त ओळख हाये.

चाबी वापस घे. ऑक्टोबरपर्यंत त्याले लायसनच नाई, मंग तो गाडीत बसतेच कसा?

राखी या पाकिटातच हाये.

रुख्मिणी


मळा, मंगरूळपीर
१० ऑगस्ट २०२५

बाई,

उकंडाचा नमस्कार. राखी भेटली. नातीनं, अंजूनं, तुह्या नावानं बांधली. पत्र वाचून मात्र जीव खट्टू झाला. सनाच्या तोंडावर कोनी असं लिहिते का?

तुले इकडची हकीकत मालूम नाई. गणेश श्रावण पाळून राह्यला. अन् असातसा नाई, कडक. एक थेंब नाई. मटन नाई, अंडं नाई, कांदा-लसून पन नाई. सकाळी आंघोळ करून महादेवाच्या देवळात जाते, दिवेलागनीले पोथी वाचते. हाताचा कापरा गेला, डोळे साफ झाले. गावातले लोक म्हनतात, उकंडराव, पोरगा असाव तर असा. मांगल्या साली पाळला, त्याच्या मांगल्या साली पन पाळला, एक डाव मोडला नाई. आता सांग, जो मानूस महिनाभर तोंडाले लावत नाई त्याले दारुड्या म्हनाव का? कायदा पिणाऱ्यासाठी हाये. हा तर पितच नाई.

लायसनचं म्हनशीन तर मळा ते बाजार नऊ किलोमीटर. तेवढ्यात कोन पाहून राह्यलं? भाड्याचा ड्रायव्हर सातशे मांगते अन् सकाळी पाचाले म्हनलं तर साडेसातले येते. तवापर्यंत कोथिंबीर माना टाकते. प्रज्वलले म्हनलं होतं, पन त्याची एसटीची चालकाची भरती हाये, परीक्षा झाली, आता ऑर्डरची वाट. त्याले मी कायले अडकवू?

पोळ्याले मात्र त्याले धाडशीन. भाचा आला का घरात देव आला असं होते मले. पोट्ट्याले लाजल्यासारखं होते मी पाय धुतो तवा, म्हनते मामा उठा, मी लहान हावो. पन मामानं भाच्याच्या पाया पडाव ही आपल्या इकडची रीत हाये, ते का मी मोडू?

तुहा भाऊ
उकंडा


इंझोरी
१६ ऑगस्ट २०२५

उकंडा,

तुहं पत्र वाचलं. आधी हासू आलं, मंग जे आलं ते लिहितो.

गणेश महिनाभर सोडू शकते, हे तू मले कौतुकानं सांगून राह्यला! अरे बावा, जो एक महिना सोडू शकते तो बाराही महिने सोडू शकते. शेषरावांले सोडताच येत नव्हती. हात कापत, रडत, माहे पाय धरत, अन् सांजच्याले पुन्हा तथीच. त्यायची मले चीड येत होती, पन कीव पन येत होती. तुह्या गणेशाची निस्ती किळस येते. तो देवाले भेते, रस्त्यावरच्या मानसाले भेत नाई. महादेवाचा महिना बरोबर पाळते अन् बाकीचे अकरा महिने पिऊन लोकायच्या अंगावर गाडी घालते. हे पाळनं नव्हे, हे मोजून मापून पिणं होय. अन् गाव त्याची आरती ओवाळते! गावाचीही किळस येते मले.

आता नीट आयक. शुक्रवारी पोळा. शनिवारी कर. करीच्या दिवशी आपल्या भागात काय होते हे तुले मी सांगाव का? सकाळपासून मटनासाठी रांगा, महिनाभराची कसर एका दिवसात काढायची, दुपारपर्यंत अर्धं गाव ओट्यावर आडवं. मी अंगणवाडीत होती तवा करीच्या दुसऱ्या दिवशी लेकरं एकच खेळ खेळत. एक जन झोकांड्या खात ये, दुसरी पोरगी त्याले धरून घरात ने, तिसरा पानी मारे. चार वर्षांचे लेकरं! मदतनीस पोट धरून हासे. मले तथून उठून बाहेर जाव वाटे.

म्हनून एवढं एकच काम कर. शुक्रवारी सकाळी बैलायले आंघोळ घालायच्या आधी चाबी घे अन् आपल्या कमरेच्या करदोट्याले बांध. चार दिवस सोडू नको. पोराच्या पाया पड, हाता पड, दार लावून घे, काय करायचं ते कर. चाबी देऊ नको.

प्रज्वलले धाडतो. पाय धुवाचे तर धुव. पन त्या करीच्या पंगतीत त्याले बसवू नको.

रुख्मिणी


मळा, मंगरूळपीर
२८ ऑगस्ट २०२५

बाई,

हे पत्र मानसाच्या हाती धाडतो, वाचून लगेच चुलीत टाक. फोनवर सांगतलं असतं, पन आजकाल फोनात सारं टेप होते म्हनतात.

करीच्या दिवशी इपरीत झालं. दुपारी चारच्या सुमाराले गणेश पिकअप घेऊन निघाला. मी वावरात होतो, मले काय मालूम. फाट्यावर तांड्यावरचा एक मानूस, लखीराम नावाचा, बायकोसंग ऑटोची वाट पाहात उभा होता. रस्त्याच्या कडीले होता म्हनतात, पन मधात आला असंन. गाडीचा धक्का लागला. सोमवारी दवाखान्यात त्याचा जीव गेला. बायकोचा पाय मोडला, ते वाशीमच्या दवाखान्यात हाये. गणेश घाबरून घरी आला. जेवला अन् झोपला.

आता शांत डोक्यानं आयक. वकिलाले इचारलं मी, का पिणाऱ्याचं काय होते अन् न पिणाऱ्याचं काय होते. तो म्हने, दोन डाव सजा झालेला, लायसन बंद असताना, पिऊन, अन् मानूस दगावला, तर ते दंडावर निभत नाई. मनुष्यवधाचं कलम लागू शकते, जामीन मिळनं कठीन, वर्षं जातीन. अन् चालवनारा लायसनवाला असंन, दारू न पिलेला, पहिलीच खेप, तर निष्काळजीचा अपघात. ठाण्यातच जामीन होते.

प्रज्वल घरातच होता. मी त्याच्या पायावर डोकं ठेवलं. म्हनलं, भाच्या, तू माहा देव होय, आता तूच वाचव. पोट्टा रडला, पन हो म्हनला. जबरदस्ती नाई केली कोनी. रविवारी सकाळी गाडी घेऊन ठाण्यात गेला अन् सांगतलं का मी चालवत होतो, भेऊन पळालो. सांजच्याले जामिनावर सुटून आला. तवापासून इथंच हाये. तू फोन केला तवा "मामाकडं भेंडी तोडून राह्यलो" म्हनला ना, ते मीच सांगाले लावलं होतं. तू आरडाओरडा करशीन म्हनून.

एसटीचं काही होत नाई, अशा केशी चालतच राह्यतात. विहिरीजवळचं दीड एकर मी प्रज्वलच्या नावानं करून देतो, लिहून ठेव. तुले काहीच करायचं नाई. पोलीस चौकशीले आले तर एवढंच म्हन, का पोरगा नेहमीच मामाची गाडी चालवते.

सून निकिता सकाळ-संध्याकाळ रडून राह्यली. तूच आता या घराचं मोठं मानूस.

उकंडा


इंझोरी
२ सप्टेंबर २०२५

उकंडा,

पत्र चुलीत टाकलं नाई. वाचून झालं तशी मोरीत गेली अन् वकली. वाढवून सांगत नाई, खरंच वकली.

मामानं भाच्याचे पाय धराव हे कायसाठी असते? बहिनीच्या लेकरात देव पाहाव, सासरी गेलेल्या पोरीचा मान राहाव, यासाठी. अन् तू ते पाय धरून पोट्ट्याले जखडून टाकलं. पायावर पडलेल्या मामाले भाचा नाई म्हनू शकत नाई, हे तुले पक्कं मालूम होतं. पैसे मांगतले असते तर तो नाई म्हनला असता, धमकी देल्ली असती तरी नाई म्हनला असता. तू बरोबर तेच केलं ज्याले त्याच्याजवळ उत्तर नव्हतं. थू तुह्या जिनगानीवर! दीड एकर देतो म्हने. माह्या पोराच्या तोंडाले काळं फासायचा भाव काढला तू.

शुक्रवारी मी तुह्याकडं आली होती. तू मले वाटेवर पाह्यलं अन् मोटरपंपाच्या खोलीमांगून निघून गेला, मले दिसलं. ओट्यावर गणेश दाढी करत बसला होता. गालाले फेस. मले पाहून म्हने, "आत्या, च्या मांडाले लावू का?" मानूस मारून सहा दिवस झाले होते! चेहऱ्यावर काही नाई. मी त्याच्याकडं पाहात राह्यली, तर तो आरशात पाहून हनवटी खरडाले लागला. निकिता मात्र मांगून आली, मले धरून रडली, अन् कानात म्हने, "आत्याबाई, प्रज्वलभाऊले घेऊन जा."

प्रज्वल यायले तयार नव्हता. "आई, मी मामाले शब्द देल्ला," एवढंच धरून बसला. मी भांडली नाई. म्हनलं, ठीक हाये, शब्द पाळ. पन ज्याले तू मारलं म्हनून लिहून देल्लं त्याच्या बायकोले एक डाव भेटून ये. तेवढं तर तुह्याकडून निघते ना? मंगरूळवरून बसनं वाशीमले गेलो.

ते बाई, रुपाबाई, तिशी-बत्तीसची असंन. पायात सळ्या घातल्या, पाय वर टांगलेला. नवऱ्याच्या मातीले पन जाता आलं नाई तिले. मी माही ओळख सांगतली नाई. म्हनलं, हा माहा पोरगा, यानं पोलिसात सांगतलं का गाडी हा चालवत होता, तुमच्या पाया पडाले आला. तिनं प्रज्वलकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. अन् म्हने, "हा नव्हता, बाई."

मंग तिनं जे सांगतलं ते तिच्याच तोंडचं लिहितो, काही जोडत नाई. "गाडीत दोघं होते. चालवनारा उतरलाच नाई, मुंडी खाली घालून हासे का रडे, समजत नव्हतं. दुसरा उतरला. बुढा होता, पांढरा पायजमा, कानावरून रुमाल बांधलेला. मी म्हनलं, बाबा, ह्यायले पानी पाजा, जीव हाये अजून. त्यानं माह्याकडं पाह्यलं. खाली पडलेली बाटली उचलली. मंग मटनाचा डबा सांडला होता, त्याचं झाकन शोधलं, लावलं, डबा उचलला. मंग गाडीत बसला अन् म्हने, चाल गणेश."

तू वावरात होता म्हने! उकंडा, तुहा कानावरचा रुमाल मी चाळीस वर्षं पाहून राह्यली. तडफडनाऱ्या मानसापाशी उभा राहून डब्याचं झाकन शोधलं तू. घरी आनून तेच मटन खाल्लं असंन. मले आता तुह्या हातच्या पान्याचीही शिसारी येईन.

बाहेर आल्यावर प्रज्वल एकच बोलला, "आई, मामानं दुसऱ्या दिवशी त्याच हातानं माहे पाय धरले." दवाखान्याच्या आवारातल्या नळाखाली पाय धुतले त्यानं. दोन डाव धुतले.

सोमवारी, आठ तारखेले सकाळी मी अन् प्रज्वल ठाण्यात जाऊन राह्यलो. खोटं सांगतल्याबद्दल त्याच्यावर जे कलम लागते ते लागू दे, मी पोराले तसं समजावून सांगतलं. नोकरी गेली तर गेली, तो म्हने. रुपाबाईचा जबाब व्हायचा हाये अजून, आतापर्यंत ते बोलायच्या हालतीत नव्हती, तो पन होईन. तुले रविवारपर्यंत येळ हाये. सोता गणेशाले घेऊन जा, सोता खरं सांग. भाऊ म्हनून माह्याजवळ तुह्यासाठी एवढंच उरलं.

शेजारचे पंजाबराव उद्या मंगरूळले जाऊन राह्यले, त्यायच्या हाती हे पत्र धाडतो.

रुख्मिणी


मळा, मंगरूळपीर
५ सप्टेंबर २०२५

बाई,

पाया पडतो. होतो मी गाडीत. सोयऱ्याकडं जेवन होतं करीचं, तथून उरलेलं मटन घरच्यासाठी घेऊन येत होतो.

चाबी मी करदोट्याले बांधली होती, तू सांगतली तशीच. गणेशानं सकाळपासून चार डाव मांगतली, मी नाई म्हनलं. मंग तो म्हने, बाबा, महिनाभर पाळलं मी, एक दिवस तरी मोकळं राहू द्या. त्याचं तोंड पाह्यलं अन् मले नाई म्हनाले जड गेलं. मीच गाठ सोडली. परत येताना त्याच्या हाती स्टेअरिंग सरळ राहात नव्हतं, ते मले दिसत होतं. वाटलं, नऊ-दहा किलोमीटर तर हाये. बाटली काहून उचलली मले सांगता येत नाई, हात आपसूक गेला. डबा काहून उचलला ते तर अजिबात सांगता येत नाई. मी रोज इचारतो सोताले.

पन बाई, गेलेला मानूस आता वापस येते का? त्या रुपाबाईले मी जन्मभर धान्य पुरवतो, माळवं पुरवतो, पायाचा सारा खर्च करतो. प्रज्वल सडाफटिंग पोट्टा, त्याची केस पाच-सहा वर्षांत सुटून जाईन. आमचं घर मात्र उभं राहात नाई पुन्हा. माह्याआधीचे दोघं गेले म्हनून आईनं मले जलमल्यावर उकंड्यावर ठेवलं, अन् तू सहा वर्षांची, तू मले तथून उचलून घरात आनलं, असं आई सांगे. तुह्याच हातचा हावो मी. त्याच हातानं आता बुडवशीन का?

अन् तुले जानंच असंन ठाण्यात, तू आयकनार नाईच असं असंन, तर एक कर. गणेशाचं नाव सांगायचं तर सांग. माहं घेऊ नको. गाडी माह्या नावावर हाये, लायसन बंद असून मी चाबी देल्ली हे निघालं तर माह्यावर पन केस होते. गणेश जवान हाये, त्याले झेपते. या वयात मले ठाण्याची पायरी चढवू नको. रुपाबाई मले ओळखत नाई. तू नाई बोलली तर कोनाले समजनार नाई.

उकंडा


इंझोरी
९ सप्टेंबर २०२५

उकंडराव,

तुमच्या पत्राचा शेवट मी चार डाव वाचला. वाटलं, माहंच वाचायले चुकून राह्यलं.

पंधरा दिवस तुमी पोरासाठी सारं करून राह्यले असं मी धरून चालली होती. चुकीचं, घान, पन बापाचं काळीज, एवढं तरी मी तुमच्या खाती धरलं होतं. अन् शेवटी पोरगाच पुढं केला अन् सोता मांगं सरकले. आधी भाचा, मंग पोरगा. अजून कोनी उरलं असतं घरात तर त्याले पन पुढं केलं असतं. अंजू पाच वर्षांची हाये म्हनून वाचली.

किळस तुमची येते, ते तर येतेच. पन तुमी माहे भाऊ होय म्हनून माही पन येऊन राह्यली. परवापासून अन्न गोड लागत नाई.

काल ठाण्यात गेलो. प्रज्वलनं सारं सांगतलं, मामा पायावर पडला तथून तर भेंडी तोडून राह्यलो तथपर्यंत. गाडीतल्या दुसऱ्या मानसाचं नाव तेवढं त्याच्या तोंडून निघालं नाई. लिहायले दोन तास लागले. खोटी माहिती देल्ली म्हनून त्याच्यावर येगळी कारवाई हाये. एसटीवाल्यायले त्यानं आदल्याच दिवशी सोता अर्ज लिहून कळवलं. माह्यादेखत पाकीट बंद केलं, जीभ फिरवली, तिकीट लावलं.

रुपाबाईचा जबाब पोलिसायनं शनिवारीच वाशीमले जाऊन घेतला होता. तो अन् प्रज्वलचा जुळला. गणेशाले आज-उद्या धरतीन. निकिताले निरोप धाडला हाये, तिले यायचं असंन तर अंजूले घेऊन इथं ये म्हनून. दोन खोल्या हायेत, भागते.

एवढं सांगायसाठी हे पत्र नाई. तुमी सांगतलेल्या त्या शेवटच्या गोठीचं उत्तर द्यायचं राह्यलं होतं.

माहा पन जबाब घेतला. साहेबानं कागद सरकवला, म्हनले, वाचून सही करा. मी चष्मा लावून वाचला. गणेशाचं नाव होतं. लखीरामचं होतं, रुपाबाईचं होतं, प्रज्वलचं होतं. एका जागी लिहिलं होतं, "गाडीतील दुसरा इसम, वय अंदाजे साठ, अनोळखी." मी तथं बोट ठेवून थांबली. साहेबानं इचारलं, "काय झालं, बाई? तुम्ही ओळखता का त्यांना?"

पिशवीतून तुमची शेवटची दोन्ही पत्रं काढून मी टेबलावर ठेवली.

"माहा सख्खा भाऊ होय," मी म्हनलं. "अनोळखी खोडा, साहेब. उकंडराव लिवा."

रुख्मिणी